हरलेल्या पोराला पुढचं मैदान

गेल्या हंगामात आमच्या गल्लीतला एक पोरगा पहिल्यांदाच कुस्तीच्या मैदानात उतरला. वय अकरा. समोरचा त्याच्याच उंचीचा, पण दोन वर्षं तालमीत मुरलेला. हाताला हात लागले, मूठभर माती एकमेकांच्या खांद्यावर पडली. हलगीवाल्यानं नीट ठेका धरायच्या आत एकेरी पट निघाला आणि आमचा पठ्ठ्या आभाळाकडं बघत पडला. सगळं मिळून अर्धं मिनिट. पंचांनी जिंकलेल्याचा हात वर केला, दोघांच्याही हातात इनामाची नोट ठेवली आणि पुढची जोड आत आली. पोरगा रडला नाही. अंगाची माती तशीच ठेवून त्यानं शर्ट चढवला, माझ्या मोटारसायकलवर मागं बसला आणि सारी वाट एक शब्द बोलला नाही. राजहंसगडाचा डोंगर दिसायला लागला तेव्हा पाठीमागून आवाज आला, “काका, फुडचं मैदान कुठं हाय?”

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. अकरा वर्षांच्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं की हरल्यावर असं विचारायचं असतं. त्याला एवढंच माहीत होतं की पुढचं मैदान आहे. आठ-दहा दिवसांत कुठल्यातरी गावची जत्रा असणार, तिथं माती उकरलेली असणार, आणि आपल्याला पुन्हा रांगेत उभं राहता येणार. हे माहीत असणं ही फार मोठी गोष्ट आहे. मुलाच्या हातून खेळ सुटतो तो हरल्यामुळं सुटत नाही. हरल्यानंतर पुढं काहीच नसतं, म्हणून सुटतो. आपण मोठ्या माणसांनी मुलांच्या खेळाची जी मांडणी केली आहे, तिच्यात बहुतेक मुलांच्या वाट्याला हे ‘पुढं काहीच नाही’ येतं, आणि त्याबद्दल मला बोलायचं आहे.

‘हंगाम’ हा शब्द आमच्याकडं आधी शेताचा. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरचं शिवार भाताचं. बेळगाव बासमतीचा वास ज्या रानांतून यायचा, त्या शहापूर-वडगाव-धामणे-येळ्ळूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर मसूर, हरभरा, वाटाणा. सुगी आटोपली, खळी उठली की कुस्तीचा हंगाम सुरू होतो आणि वळवाच्या पावसापर्यंत चालतो. पुणे-नगरकडं तर जत्रेतल्या कुस्त्यांनाच ‘हंगामा’ म्हणतात. शेतकऱ्याला हंगामाचा अर्थ सांगावा लागत नाही. एक पीक बुडालं म्हणून जमीन कुणी टाकून देत नाही, पुढच्या नक्षत्राची वाट बघतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच पिकावर निकाल लावून मोकळे होतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मुलांचा हंगाम कसा मांडतात हे पाहताना मी कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकीपाशी बराच वेळ रेंगाळलो. आपल्याला हा खेळ अगदी परका. पायात पात्याचे बूट, चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती, एका बाजूला गोलरक्षक धरून सहाजण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. तिथं १६ ते २० वर्षांच्या मुलांच्या तीन मोठ्या लीग आहेत: एक ओंटॅरिओची, एक क्युबेक आणि त्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांची, एक पश्चिमेची. ओंटॅरिओच्या लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात ६८ सामने खेळत आला आहे. सप्टेंबर संपता संपता सुरुवात, मार्चपर्यंत साखळी, मग बाद फेरी, आणि शेवटी मे महिन्यात मेमोरियल कप. हा करंडक १९१९ पासूनचा, पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या नावानं ठेवलेला. ज्या बेळगावात १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, त्या भागातल्या माणसाला खेळ आणि शिपाई यांचं हे नातं समजावून सांगावं लागणार नाही.

पण मला थांबवलं ते ६८ या आकड्यानं. हे ६८ सामने पहिल्या क्रमांकाच्या संघाला आहेत तसे तळाच्या संघालाही आहेत. शुक्रवारी सात गोलनं मार खाल्लेला संघ शनिवारी दुसऱ्या गावात पुन्हा बर्फावर उतरतो. गोलरक्षक सोळा वर्षांचा असेल, रात्रभर बसमध्ये झोप लागली नसेल, तरी त्याला दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा बरं खेळायची संधी आहे. अशा सहा महिन्यांत त्याचं काय होतं हे पराभवांची बेरीज करून कळत नाही. ऑक्टोबरमध्ये जी चकती त्याला दिसतही नव्हती ती फेब्रुवारीत त्याच्या हातमोज्यात येते. मधल्या काळात कुणी चमत्कार केलेला नसतो. त्याला पुन्हा पुन्हा उभं राहू दिलेलं असतं, एवढंच.

आता आपल्या शाळांच्या क्रीडास्पर्धा बघा. पावसाळ्यात तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. सोळा शाळांचे संघ आले, बाद पद्धतीनं सामने लावले, तर एकूण सामने होतात पंधरा. पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांचा वर्षाचा हंगाम एका सामन्याचा. त्यातही बदली खेळाडू म्हणून बाकावर बसलेल्या मुलाचा हंगाम किती? हेच सोळा संघ साखळीनं एकदा एकमेकांशी खेळले तर १२० सामने होतील आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला पंधरा येतील. खर्च वाढेल, वेळ लागेल, शिक्षकांची धावपळ होईल, हे सगळं खरं. पण आपण स्पर्धा कशासाठी भरवतो हा प्रश्न कधीतरी विचारायला हवा. वरच्या फेरीत पाठवायला एक संघ निवडायचा असेल तर बाद पद्धत स्वस्त आणि सोयीची. मुलं घडवायची असतील तर ती सोय आपली आहे, मुलांची नाही.

एका सामन्यात बाद झालेल्या मुलाला आपण काय शिकवतो? की तू कमी आहेस, आणि हे ठरवायला आम्हाला चाळीस मिनिटं पुरली. तेरा-चौदाच्या वयात एकाची उंची झरकन वाढलेली असते, दुसऱ्याला अजून मिसरूडही नसतं. दोन वर्षांनी चित्र उलटं होऊ शकतं, पण उलटं व्हायला दुसरा मुलगा तोवर खेळात टिकायला हवा ना?

बेळगावला मैदानावरची हॉकी नवी नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला एका गोलनं हरवून भारतानं सुवर्ण परत आणलं, त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. गोलपोस्टमध्ये उभे असलेले शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फंट्रीचे. ही नावं आम्ही अभिमानानं घेतो आणि घ्यावीतही. पण शाळेच्या पटांगणात स्टिक हातात धरलेली पोरं पाहतो तेव्हा माझ्या मनात येतं, की ह्यांना वर्षात किती सामने मिळतात? दोन? चार? हुशारीची इथं कधीच वाण नव्हती. तिला रोजचं पाणी मिळतं का, हा प्रश्न आहे.

आणि इथंच मला आमच्या मातीतल्या कुस्तीकडं नव्यानं बघावंसं वाटतं. कारण आमच्याकडं साखळी नाही असं आपण म्हणतो तेव्हा आपण डोळ्यांसमोरची गोष्ट विसरतो. मुचंडी, सांबरा, कंग्राळी, बेळगावातला आनंदवाडीचा आखाडा, आणि चांगळेश्वरीच्या यात्रेतलं आमचं येळ्ळूरचं ‘महाराष्ट्र मैदान’. पलीकडं निपाणी-चिकोडीच्या जत्रा, सीमा ओलांडून चंदगड-गडहिंग्लजच्या. गावागणिक तिथी वेगळी, म्हणून मैदानं एकमेकांवर येत नाहीत. ज्यानं ही तिथ्यांची साखळी बांधली त्याला लीग हा शब्द माहीत नव्हता, पण पोराच्या दृष्टीनं ती लीगच आहे. इथं हरलास तर तिथं लढ. इथं बरोबरीत सुटली तर पुढच्या गावात निकाल लाव. कुठल्याही मैदानाच्या दारात मागच्या मैदानाचा निकाल विचारला जात नाही. लहान पोरांच्या कुस्त्या पूर्वी रेवड्यांवर, खोबऱ्यावर, नारळावर लागायच्या. इनाम नाममात्र, पण रांगेत उभं राहायला कुणाला मज्जाव नाही.

जातीचं, भाषेचं जे बाहेर चालतं ते हौद्यात कमी चालतं, हेही सांगायला हवं. २०१४ च्या जुलैत, कर्नाटकात राहिलेल्या आमच्या गावातला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला तेव्हा गावानं लाठ्या खाल्ल्या. ती जखम कुणी विसरलेलं नाही. तरीही ज्या मैदानाच्या नावातच महाराष्ट्र आहे त्या मैदानात धारवाड-दावणगेरेचा कन्नड बोलणारा पैलवान उतरला की त्याच्या डावाला तीच शिट्टी पडते. चांगला घिस्सा लागला की माणूस पटकन उभा राहतो, आणि उभं राहिल्यावर मग ध्यानात येतं की जिंकलेला आपल्या गावचा नव्हता.

पराभव पचवून पुढं जाणाऱ्यांची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीतल्या माणसाला गादी नवी होती, नियम नवे होते. त्यांना घरी पाठवून विषय संपवता आला असता. चार वर्षांनी ते पुन्हा गेले. त्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. हेलसिंकीला खाशाबांनी पहिल्या कुस्तीत हरवला तो कॅनडाचा पैलवान होता. आणि त्या स्पर्धेत ते दोन कुस्त्या हरले, एक सोव्हिएत मम्मदबेयोव्हशी, एक जपानच्या शोहाची इशीशी. त्या वेळच्या नियमात एका पराभवानं पैलवान बाहेर फेकला जात नसे, पराभवाचे दोषगुण साठत जात आणि ठरावीक गुण भरले की मगच तो बाद. म्हणून दोन वेळा हरलेल्या माणसाच्या गळ्यात १९५२ साली स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडलं. रिओला २०१६ मध्ये साक्षी मलिकचंही असंच. उपांत्यपूर्व फेरीत ती हरली होती. तिला हरवणारी अंतिम फेरीत पोचली, म्हणून साक्षीला रेपेचाजमधून पुन्हा लढता आलं आणि कांस्य मिळालं. आजच्या गादीवरच्या कुस्तीत हा दुसरा दरवाजा फक्त अंतिम फेरीतल्यांकडून हरलेल्यांनाच उघडतो. बाकीच्यांचा दिवस तिथंच संपतो. मोठ्यांच्या स्पर्धेत हे चालेल. चौदा वर्षांखालच्या मुलांनाही तोच नियम लावताना आपला हात जरा अडखळायला हवा.

आमच्याच जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातलं एकसंबा हे गाव. तिथले श्रीपती खंचनाळे घडले कोल्हापूरच्या तालमीत आणि १९५९ साली हिंदकेसरी झाले. सीमेच्या अलीकडचा पोरगा पलीकडं जाऊन मोठा होतो, ही आमच्याकडं जुनी वाट. आजही इथली पोरं कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत राहतात, हातानं भाकरी थापतात, पहाटे चारला जोर काढतात. मागं आई घरातलं दूध विकायचं थांबवून त्याचं तूप करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती डबा पाठवते. कॅनडातला सोळा वर्षांचा हॉकीपटूही असाच परगावी जातो आणि त्या गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतो. तिथं त्याला ‘बिलेट’ म्हणतात. ते कुटुंब त्याला जेवू घालतं, शाळेला वेळेवर पाठवतं, हरून आला की दार उघडतं. आमच्या तालमीतल्या पोराला वस्ताद असतो. पण रात्री दार उघडणारी बाई नसते, आणि शाळेची चौकशी करणारंही बहुतेक वेळा कुणी नसतं.

यावरून कुणी असं समजू नये की मला त्यांचं सगळं उचलून इथं आणायचं आहे. त्या लीगांचा दुसरा चेहराही आहे. विशीच्या आतल्या मुलाचा संघ त्याला न विचारता बदलला जाऊ शकतो. आज ह्या गावात, पुढच्या आठवड्यात हजार किलोमीटर दूर. मुलगा हा संघाच्या हिशेबातला एक आकडा होऊन बसतो, आणि तिकिटं विकून चालणाऱ्या खेळात हे अटळच आहे. प्रवासाचं ओझं वेगळंच. ६ एप्रिल २०१८ रोजी सॅस्कॅचेवान प्रांतातल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनियर संघाची बस सामन्याला जाताना ट्रकवर आदळली आणि सोळाजण गेले. त्या दिवसांत कॅनडातल्या घराघरांनी दारात हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. तो फोटो मी पाहिला तेव्हा मला पहाटे टेम्पोच्या हौद्यात बसून मैदानाला जाणारी आमची पोरं आठवली. ६८ सामने मला नको आहेत. अकरा वर्षांच्या मुलाला तर मुळीच नकोत.

पण त्या देशाची एक गोष्ट मला हवी आहे, आणि ती म्हणजे लिहून ठेवणं. तिथं कुठल्या मुलानं किती सामने खेळले, कुणाला कधी दुखापत झाली, हे कागदावर असतं. म्हणून २०१३ मध्ये हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेला अकरा-बारा वर्षांच्या गटात अंगावर धडक मारायला बंदी घालता आली. धडक हा त्या खेळाचा प्राण आहे असं मानणारे लोक तिथं कमी नव्हते. ‘आम्ही असेच मोठे झालो’ हे वाक्य तिथंही होतं. पण डोक्याला मार लागलेल्या मुलांचे आकडे समोर ठेवल्यावर त्या वाक्याचं बळ संपलं.

आमच्याकडं काय आहे? मोठ्या पैलवानांच्या जोडी महिनाभर आधी पत्रकावर छापून येतात, फोटोसह. छोट्यांच्या जोडी जागेवर लागतात. उघड्या अंगाची पोरं रांगेत उभी, तीन-चार जाणती माणसं त्यांच्यावरून फिरतात, एखाद्याचा दंड दाबून बघतात, दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतात. “ह्यो जड हाय.” “न्हाई ओ, हाडं मोठी हाईत नुसती.” जाणत्या नजरेचा मला आदर आहे. चाळीस वर्षं माती खाल्लेला वस्ताद पोराच्या मानेकडं बघून सांगतो की हा किती दिवस तालमीत जातोय. तरी नजर चुकते. माझ्या पुतण्याची एकदा अशीच जोड लागली. समोरच्याचं वजन निदान आठ किलोनं जास्त असणार, आणि वयाचं तर विचारूच नका. खांदा निखळला. त्या मैदानात वजनकाटा नव्हता, आणि अंगाला हळद लावायच्या पलीकडं उपचारही नव्हता. गावाचं नाव घेत नाही, कारण त्या दिवशी जे तिथं घडलं ते कुठंही घडलं असतं. तो पोरगा नंतर आखाड्यात उतरला नाही. त्याचा खांदा बरा झाला, पण मैदान म्हटलं की तो अजून गप्प होतो.

आणि वेळेचं काय? छोट्यांच्या कुस्त्या भर उन्हात, दुपारी तीन-चारला लागतात. गर्दी जमते दिवे लागताना, लाखाच्या इनामाच्या आणि मेंढ्याच्या बक्षिसाच्या कुस्तीला. तेव्हा समालोचकाचा आवाज चढतो, हलगी कडाडते. दुपारी मात्र समालोचक पोराचं नाव विचारून अर्धवट घेतो, वडिलांचं नाव चुकतं, गाव तेवढं बरोबर येतं. पोराच्या आयुष्यातली पहिली कुस्ती, आणि बघायला म्हणाल तर त्याचा बाप, दोन मित्र आणि सावली शोधणारी चार माणसं. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्यांची नावं डावांसकट येतात आणि शेवटी ओळ असते की लहान-मोठ्या अनेक कुस्त्या झाल्या. त्या ‘अनेक’मध्ये तो पोरगा असतो.

माझं म्हणणं हेच, की साखळी आपल्याकडं आहे. साखळीला लागणारी आठवण नाही. कंग्राळीत कोण कुणाशी हरला हे सांबऱ्यात कुणाला ठाऊक नसतं. त्यामुळं एकच पोरगा तीन मैदानांत तीन वेळा आपल्यापेक्षा जड पोराखाली सापडतो. दुसरा हुशार पोरगा हंगामभर हलक्या जोडी घेत जिंकत राहतो आणि पुढं गादीवर गेल्यावर पहिल्याच वर्षी मोडून पडतो. नुऱ्याची, म्हणजे आधीच ठरवून केलेल्या कुस्तीची, कीड वरच्या कुस्त्यांना लागते असं आपण म्हणतो. पण जिथं नोंद नाही तिथं खोटं सोपं जातं, आणि लहानपणीच पोराला कळतं की निकाल मातीत लागायच्या आधी कुठंतरी लागू शकतो.

एका जुन्या वस्तादांपुढं मी हे बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहीत लिवून पैलवान हुतो व्हय? मेहनतीनं हुतो.” त्यांचं चूक नाही. त्यांची भीती मला समजते: तक्ते आले, गुण आले, की पोरगं डाव टाकायच्या आधी हिशेब करायला लागेल. हरण्याच्या भीतीनं मैदान चुकवेल. निकाली कुस्तीतली ती बेधडक झेप जाईल. गादीवर सहा गुणांची आघाडी घेऊन उरलेला वेळ कडेकडेनं काढणारे पैलवान आपण पाहतोच. म्हणून मला क्रमवारी नको आहे. पहिला-दुसरा-तिसरा असा फलक लहान पोरांसाठी नकोच. ज्या लीगनं बारा वर्षांच्या मुलांची क्रमवारी लावली तिनं बाद पद्धतीचंच पाप जरा हळू केलं. मला हवी आहे फक्त नोंद: वय, वजन, तालमीत किती दिवस, कुणाशी लढला, किती वेळ, कसा सुटला, लागलं का. पुढच्या गावच्या जोड लावणाऱ्याच्या हातात ती वही असली तर त्याची जाणती नजर अधिक जाणती होईल. वस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वजनकाटा मातूर पायजे. त्ये खरं हाय.”

वजनकाट्याला फार पैसे लागत नाहीत. एका मोठ्या कुस्तीच्या इनामातून परिसरातल्या सगळ्या मैदानांना काटे येतील. पोरांच्या पाच-सात जोडी दिवे लागल्यावर, मोठ्या कुस्त्यांच्या मध्ये लावायलाही पैसे लागत नाहीत, फक्त पत्रक छापताना आठवण लागते. हलगी त्यांच्यासाठीही कडाडू दे. अलीकडं काही मैदानांत मुलींच्या कुस्त्या लागतात, आणि ते चांगलं आहे, पण दाखवण्यापुरती एखादी जोड लावून भागणार नाही. मुलीलाही दहा मैदानं हवीत. एका कुस्तीनं मुलगा पैलवान होत नाही, तर मुलगी कशी होईल?

हंगाम लहान असला तरी चालतो, याचा दाखला लडाखमध्ये आहे. तिथं नैसर्गिक बर्फ नीट टिकतं ते जेमतेम दोन महिने. तलावांवर, साचवलेल्या पाण्याच्या गोठलेल्या थरावर पोरं-पोरी आइस हॉकी खेळतात, आणि आता हवामान तापल्यामुळं तेही दिवस आखडत चालले आहेत. तरीही २०२५ मध्ये अल ऐनला झालेल्या महिलांच्या आशिया चषकात भारतानं कांस्य घेतलं आणि त्या संघात लडाखी मुलींचा भरणा होता. दोन महिने, पण त्या दोन महिन्यांत रोज बर्फावर. आमच्याकडं सुगीपासून वळवापर्यंत पाच महिने आहेत, जत्रा आहेत, माती आहे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली ती लाल माती पायाला लागली की काय वाटतं हे ज्यांनी अनुभवलं आहे अशी तीन-तीन पिढ्यांची घरं इथं आहेत.

वहीचं मी स्वतःच सुरू केलं. दोनशे पानी, शाळेतल्या पोरांची असते तशी, वर उभ्या-आडव्या रेघा मारलेली. परिसरातल्या जितक्या मैदानांना जाणं झालं तितक्यांत चौदा वर्षांखालच्या पोरांची नावं विचारून लिहिली. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं वर्गणीची आहे. तिसऱ्या मैदानापासून पोरं आपणहून जवळ यायला लागली, “माझं लिवलासा काय?” विचारत. हरलेलीही येतात, हे मला अपेक्षित नव्हतं. किंबहुना हरलेली जास्त येतात.

आमच्या गल्लीतल्या पोराच्या नावापुढं आता पाच ओळी आहेत. पहिली, अर्धं मिनिट, एकेरी पट, चीत. दुसरी, दोन मिनिटं, चीत. तिसरी, सहा मिनिटं, बरोबरीत सोडवली. चौथ्या ओळीत पुन्हा पराभव, पण समोर तोच पहिला पोरगा, आणि ह्या वेळी त्याला चार मिनिटं लागली. पाचवीत घिस्सा मारून जिंकला. परवा संध्याकाळी तो घरी आला, चप्पल दारात काढून, हात धुऊन. वही मागितली. पाचही ओळींवरून बोट फिरवत त्यानं सावकाश वाचलं, चौथ्या ओळीपाशी थोडा थांबला, आणि मग वर बघून म्हणाला, “काका, वजन चुकलंय. आता बत्तीस हाय.”